तिचं पाचवं प्रकरण

माझी मैत्रीण गेली तेव्हा तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाची चार प्रकरणं टाइप होऊन तयार होती. पाचव्याचं फक्त शीर्षक होतं. ते पाचवं प्रकरण मी पूर्ण केलं. लोक म्हणतात, मैत्रिणीसाठी किती केलंस. मला ते ऐकून कसंतरीच होतं, कारण ते कसं झालं हे त्यांना माहीत नसतं.

आम्ही दोघी ठाण्याला युनिव्हर्सिटीच्या एका संशोधन केंद्रात होतो. खाडीच्या बाजूला एका जुन्या इमारतीचा तळमजला, पाच खोल्या. पाटीवरचं नाव लांबलचक होतं, द्रावणातल्या महारेणूंच्या अभ्यासाचं केंद्र असं काहीतरी. आम्ही नुसतं ‘रेणू सेंटर’ म्हणायचो. स्टेशनवरच्या एका रिक्षावाल्याला बरेच दिवस वाटायचं की रेणू नावाच्या कोणी मॅडम तिथे बसतात. एकदा त्याने विचारलं, “मॅडम रोज येतात का हो?” मी हसू दाबत होते. माझी मैत्रीण गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “येतात. पण दिसत नाहीत.”

खरंच दिसायचे नाहीत. डिंक, स्टार्च, प्रथिनं असं काही पाण्यात विरघळलं की त्याचे लांबलचक रेणू पाण्यात सुटे होतात. ते किती मोठे आहेत, पसरून राहतात की गुंडाळून बसतात, हे आम्ही शोधायचो. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आडून मोजायचं. द्रावण काचेच्या बारीक नळीतून खाली उतरायला किती सेकंद घेतं ते स्टॉपवॉच धरून बघायचं. नाहीतर त्यातून लेसरचा प्रकाश सोडायचा आणि तो कुठल्या बाजूला किती विखुरतो ते नोंदवायचं. धुळीचा एक कण पडला तरी दिवस वाया. त्यामुळे आम्ही अर्धा वेळ बाटल्या धूत असायचो आणि अर्धा वेळ गाळत.

ती माझ्यापेक्षा एक वर्षाने पुढे होती. टिटवाळ्याची. वडील एसटीत कंडक्टर होते, कल्याण डेपोतून रिटायर झालेले. आई घरी ब्लाउज शिवायची. मूळ गाव चिपळूणच्या बाजूला. मी कोपरची. माझे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. आमच्या चाळीत एम.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी, त्यामुळे घरी मी काय करते याचं फार कौतुक आणि समजायचं कोणालाच नाही. तिच्या घरीही तसंच. या एका गोष्टीवर आमची पहिल्या आठवड्यात मैत्री झाली.

माझं काम गवारीच्या डिंकावर होतं. तिचं भेंडीच्या चिकावर. भेंडी चिरली की जी तार सुटते ना, ती. औषधाच्या गोळ्या बांधायला, पातळ औषध जरा घट्ट करायला ती वापरता येईल का, असा मूळ प्रश्न. त्यासाठी आधी तो रेणू केवढा आहे हे कळायला हवं. तिला चीक भरपूर लागायचा, म्हणून ती निबर भेंडी घ्यायची. एकदा संध्याकाळी परत जाताना तिने मला कल्याणच्या मार्केटात ओढत नेलं. भाजीवाली बाई तिच्या हातातली भेंडी काढून घेत म्हणाली, “ताई, ही निबर आहे. भाजी नाही व्हायची हिची.”

“मावशी, मला निबरच पाहिजे.”

“सासूला घालते का काय?”

“लग्नच नाही झालं अजून. पाण्यात घालते.”

बाईने तिला पाटीभर टाकाऊ भेंडी फुकट दिली, वर म्हणाली, येत जा.

तिसऱ्या वर्षी तिचा निकाल आला. भेंडीच्या चिकाचा रेणू तिच्या मोजमापात प्रचंड मोठा निघाला होता, एक अखंड लांब साखळी, आधी कोणी मोजली होती त्यापेक्षा बरीच मोठी. पुण्याच्या एका परिषदेत तिने तो मांडला आणि तिच्या पोस्टरला बक्षीस मिळालं. शोधनिबंध छापून आला. आमचे सर मितभाषी, साठीच्या जवळ आलेले, प्रत्येकाला एकच वाक्य सांगणारे, “पुन्हा मोज.” पण त्या दिवशी त्यांनी पेढे आणले आणि बक्षीस घेतानाचा तिचा फोटो फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीवर लावला. सेंटरच्या भिंतीवर लागलेला तो पहिला विद्यार्थ्याचा फोटो.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तिला सारखा ताप यायला लागला. अंगावर निळे डाग दिसायला लागले. रक्ताचा कॅन्सर निघाला.

मग मुंबईच्या हॉस्पिटलात सहा-सात महिने. मधे ती बरी झाली. म्हणजे आम्हाला वाटलं बरी झाली. डोक्याला रुमाल बांधून, तोंडाला मास्क लावून ती आठवड्यातून दोन दिवस सेंटरला यायला लागली. तिच्या वडिलांनी तिला आणायचं, दिवसभर बाहेर बाकावर बसायचं आणि घेऊन जायचं. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. ते म्हणायचे, “बाळ, तिला म्हणावं सावकाश कर.” मी आत जाऊन सांगायचे. ती म्हणायची, “त्यांना म्हणावं, सावकाशच होतंय.”

त्या दिवसांत ती शनिवारीही यायची. शनिवारी मी नसायचे. ती काय करते विचारलं तर म्हणायची, “जुनंच चालू आहे गं.” एकदा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. माझ्या बाटल्यांवरची लेबलं वाचत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या डिंकाला तू मीठ घालून बघितलंस का कधी?” मी म्हटलं, “बघितलंय. का गं?” “काही नाही,” म्हणाली आणि गेली. मी माझ्या कामात होते. मान वर करून नीट बघितलंही नाही.

पुढच्या वर्षीच्या होळीच्या सुमारास आजार उलटला. ती पुन्हा हॉस्पिटलात गेली. आधीच्या वेळी मी दर आठवड्याला जायचे. या वेळी दोनदा गेले आणि नंतर गेले नाही. माझं तेव्हा पेपरचं काम होतं हे खरं. पण त्यासाठी मी थांबले नव्हते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिच्या ओठांतून रक्त येत होतं आणि ती ते पुसत पुसत माझ्याशी हसून बोलत होती. मला ते बघवलं नाही. मी मेसेज करत राहिले, ‘येते गं या रविवारी’. तिचा अंगठा यायचा. शेवटच्या मेसेजला अंगठाही आला नाही.

टिटवाळ्याला गेले तेव्हा तिच्या घराच्या पॅसेजमध्ये चपलांना जागा नव्हती. तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “तुझी वाट बघत होती.” रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी आईला काहीच सांगितलं नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हणायला बसली. मीही तिच्या मागे म्हणत राहिले.

महिन्याभराने सरांनी मला बोलावलं. तिचे वडील त्यांना भेटून गेलेले. प्रबंध जवळजवळ पूर्ण असेल आणि मार्गदर्शकाने तसं लिहून दिलं तर विद्यार्थी गेल्यानंतरही डिग्री देता येते, असा एक नियम वडिलांनी कुठूनतरी शोधून काढला होता. सर म्हणाले, “पाचव्या प्रकरणातली मोजमापं राहिली आहेत. थोडीच आहेत. तिची पद्धत तुला माहीत आहे. करशील?”

मी हो म्हटलं. हॉस्पिटलात गेले नव्हते, त्याची भरपाई करायची होती. हे मी तेव्हाही स्वतःशी कबूल केलं होतं.

पाचव्या प्रकरणात एवढंच बघायचं होतं की पाण्यात मीठ घातलं, द्रावण थोडं तापवलं, तर रेणू तेवढाच राहतो का. तो तेवढाच राहील अशी सगळ्यांची खात्री होती. मी निबर भेंडी आणली, चीक काढला, गाळला, मोजला. साध्या पाण्यात तिचाच आकडा आला. मीठ घालून तापवल्यावर तो निम्म्यापेक्षा खाली घसरला.

मी बाटल्या पुन्हा धुतल्या. नवा चीक काढला. तीन आठवडे हेच केलं. आकडा प्रत्येक वेळी तसाच घसरायचा. याचा अर्थ एकच होता. ती प्रचंड अखंड साखळी अखंड नव्हतीच. साध्या पाण्यात दोन-तीन साखळ्या एकमेकींना चिकटून बसायच्या आणि आम्ही त्या एक म्हणून मोजत होतो. तिच्या चारही प्रकरणांचा पाया तो एक आकडा होता.

मी सरांना कागद दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. मग दार लावून घेतलं.

“हे प्रकरण वगळू या,” ते म्हणाले. “चार प्रकरणांवरही डिग्री मिळेल.”

“पण सर, आपल्याला माहीत असताना?”

“हे बघ, ती असती तर मी तिला वर्षभर थांबवलं असतं, सगळं पुन्हा करायला लावलं असतं. ती नाही. तिच्या आईवडिलांना मी काय सांगू? तुमच्या मुलीचं चुकलं होतं, असं?”

खरं सांगायचं तर मला थोडं हायसंही वाटलं. मी कागद घेऊन बाहेर आले. दोन आठवडे ते माझ्या खणात पडून होते.

वगळायचं म्हटलं तरी तिच्या शेवटच्या काही नोंदी जोडाव्या लागणार होत्या आणि तिची शेवटची वही सेंटरमध्ये सापडत नव्हती. ती घरी असेल म्हणून मी टिटवाळ्याला गेले. तिच्या आईने कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखालून वही काढली आणि माझ्या हातात न देता मांडीवर घेऊन बसली.

“देणार नाही हं मी. इथे बसून बघ.”

“चालेल, काकू.”

“आणि मला एक सांग,” त्या म्हणाल्या. त्यांनी नेमकं पान उघडलं. ते इतक्या वेळा उघडलेलं होतं की वही आपोआप तिथेच उघडायची. सगळं पान इंग्रजी आकड्यांचं, आणि खाली मराठीत तीन ओळी.

‘शनिवारी पुन्हा केलं. मीठ घातल्यावर तेच आलं. सरांना सांगायचंय. आधी बरी होते.’

“सरांना काय सांगायचं होतं तिला?” काकूंनी विचारलं. “मी रोज वाचते. यांनाही सांगितलेलं नाही मी. कोणी तिला त्रास देत होतं का गं तिथे? तुला ठाऊक असेल तर लपवू नकोस.”

मी म्हटलं, “नाही काकू. कोणी त्रास नाही दिला. तिला तिच्या कामातली एक चूक सापडलेली. तिची तिलाच. तीच तिला सरांना सांगायची होती.”

“मोठी चूक?”

“मोठी.”

“मग बिचारी किती दिवस मनात घेऊन हिंडली असेल,” त्या म्हणाल्या, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. मीही रडले. काका, म्हणजे तिचे वडील, बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत आले आणि तसेच मागे फिरले.

मी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. आकडे जवळजवळ माझ्या आकड्यांसारखेच होते. मी जे तीन आठवड्यांत शोधलं ते तिने आजारपणात, शनिवारी एकटीने शोधलं होतं. ती माझ्या टेबलाशी येऊन मिठाचं विचारत होती तेव्हा तिला हेच सांगायचं असणार. मी एक शब्द विचारला असता तर तिने सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा काढून मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरला.

“मला का नाही सांगितलं तिने?”

माझी नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली असावी, कारण त्यांनीही तिकडे बघितलं. ते म्हणाले, “मी तिला हॉस्पिटलात फोन केला होता. पाचवं प्रकरण कधी देतेस, विचारलं होतं. वाटलं, कामाचं बोललं की तिला बरं वाटेल.” मग त्यांनी मोबाइल परत दिला. “लिही. तिच्या नोंदींसकट लिही. आणि आपण छापलेल्या पेपरची दुरुस्तीही पाठवायला हवी. ती मी लिहितो.”

मी लिहिलं. पहिली मोजमापं तिची आणि नंतर केलेली माझी, असं प्रत्येक तक्त्याखाली स्पष्ट टाकलं. आधीच्या चार प्रकरणांत काय बदलतं तेही लिहिलं. त्याने प्रबंधाचा दिमाख गेला. प्रचंड रेणूचं काम आता बेताच्या रेणूचं झालं, जो साध्या पाण्यात आपल्यासारख्याच दुसऱ्याला धरून राहतो. पण जे होतं ते खरं होतं.

परीक्षकांकडून तीन शंका आल्या. दोन शंकांची उत्तरं सरांनी दिली. तिसरी अगदी साधी होती: भेंडी आणल्यावर ती एक रात्र ओल्या सुती कपड्यात का ठेवली, त्यामागचं शास्त्रीय कारण काय? आम्ही दोघांनी तिच्या सगळ्या वह्या चाळल्या. कुठेच कारण नव्हतं. शेवटी मी टिटवाळ्याला फोन केला.

“अगं कारण कसलं?” काकू म्हणाल्या. “संध्याकाळी कल्याणला घ्यायची, ठाण्याला जायची सकाळी. मग रात्री कुठे ठेवणार? मीच गुंडाळायचे माझ्या जुन्या पातळात, सुकू नये म्हणून.”

सरांनी उत्तरात लिहिलं की ते सोयीसाठी होतं, शास्त्रीय कारण नव्हतं. कागदावर सही करून त्यांनी तो पाकिटात घातला.

त्यानंतर नुसती वाट बघणं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची. तिचे वडील दर बुधवारी टिटवाळ्याहून यायचे. युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर चौकशी करायची, ‘पुढच्या आठवड्यात बघा’ ऐकायचं आणि मग सेंटरला येऊन बाहेरच्या त्याच बाकावर अर्धा तास बसायचं. मी चहा न्यायचे. जवळजवळ दोन वर्षं ते येत होते. कधी चिडले नाहीत. एकदाच म्हणाले, “आमच्याकडे तिकिटाचा हिशोब चुकला तर त्याच दिवशी निकाल लागायचा.”

डिग्री मिळाली तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. खिडकीवरच्या मुलीने रजिस्टर पुढे सरकवलं आणि यांत्रिकपणे म्हणाली, “कँडिडेट कुठेय? कँडिडेटची सही लागेल.” काकांनी खिशातून मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. ती पोरगी एकदम उभी राहिली. “सॉरी काका,” म्हणाली. काकांनी तिलाच समजावलं, “असू दे बेटा, तुला कसं कळणार,” आणि कंडक्टर लोकांची असते तशी भरभर सही केली. पायऱ्या उतरताना ते थांबले. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये छातीशी धरलेलं.

“आता बुधवारी काय करायचं?” ते म्हणाले. मला वाटतं, ते मला विचारत नव्हते.

मी त्यांना टिटवाळ्यापर्यंत सोडायला गेले. काकूंनी हात पुसले, सर्टिफिकेट देवाजवळ ठेवलं, हळदकुंकू लावलं. मग बांधलेला प्रबंध मांडीवर घेऊन पानं उलटत बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, “यातलं तिचं किती आणि तुझं किती?”

“काकू, तिचंच आहे सगळं.”

“खरं सांग. तू खरं सांगतेस म्हणून विचारते.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. शेवटचं प्रकरण उघडून दाखवलं. हा तक्ता तिचा. हा माझा. हे वाक्य माझं. हे सरांचं. हे तिच्या वहीतलं, मी इंग्रजीत केलेलं. त्या प्रत्येक ठिकाणी बोट ठेवत गेल्या. माझ्या तक्त्यावरून बोट लवकर पुढे न्यायच्या, तिच्यावर थांबायच्या. संपल्यावर म्हणाल्या, “बरंच आहे की तिचं.” आणि पुस्तक मिटून, पदराने वरून पुसून, जवळ ठेवलं.

पुढे सर रिटायर झाले. सेंटर दुसऱ्या विभागात मिसळलं आणि त्या पाच खोल्यांपैकी दोनच उरल्या. माझीही पीएच.डी. झाली. मी आता डोंबिवलीच्या एका कॉलेजात शिकवते. काकांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, ते घरीच असतात. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. तिच्याबद्दल आम्ही आता फारसं बोलत नाही. काकू माझ्या ब्लाउजचं माप घेतात, बारीक झालीस म्हणून रागावतात. निघताना दारापर्यंत येतात आणि लिफ्ट खाली जाईपर्यंत उभ्या राहतात. लिफ्टचं दार बंद होताना त्या मला दिसतात आणि मग दिसेनाशा होतात. मी घरी पोचेपर्यंत रडत नाही. कधीकधी कोपरला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच थोडा वेळ बसावं लागतं.